सेबी, सॅट आणि गुंतवणूक फंडांचे वाद : या वकिलीत नव्याने येणाऱ्यांसाठी

भांडवली बाजाराच्या वादांची वकिली करू इच्छिणारे विद्यार्थी भेटतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात बहुधा सर्वोच्च न्यायालयातील गाजलेली प्रकरणे असतात. त्यात वावगे काही नाही. परंतु या क्षेत्रातील वकिलाचा बराचसा दिवस जातो तो सेबीच्या, म्हणजे भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेच्या, कारणे दाखवा नोटिशीला जोडलेल्या परिशिष्टांवर: सौद्यांच्या नोंदी, डिमॅट खात्यांची विवरणे, बँकेचे उतारे, विश्वस्तांच्या बैठकांची इतिवृत्ते. कायद्याची कलमे वर्षभरात अंगवळणी पडतात. परिशिष्ट वाचण्याची सवय लागायला अधिक काळ लागतो, आणि प्रकरणाचा निकाल पुष्कळदा तिथेच ठरतो. म्हणून शिक्षण, प्रवेश आणि न्यायपीठे यांबद्दल आवश्यक तेवढे सांगून या लेखाचा अधिक भाग त्या कागदांसाठी राखून ठेवला आहे.

काम कोठे आणि कोणत्या कायद्याखाली चालते

सेबीची स्थापना एप्रिल १९८८ मध्ये झाली, पण तिला वैधानिक अधिकार मिळाले ते १९९२ मध्ये, म्हणजे हर्षद मेहता प्रकरण उघडकीस आले त्याच वर्षी. सेबी कायदा १९९२, रोखे करार (नियमन) कायदा १९५६ आणि डिपॉझिटरीज कायदा १९९६ हे तीन कायदे आणि त्यांखालचे विनियम हा या वकिलीचा पाया आहे. हे तिन्ही कायदे एकत्र करणारे विधेयक डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडले गेले. त्यामुळे कोणतेही कलम उद्धृत करण्यापूर्वी त्या दिवशी कोणता पाठ अमलात आहे आणि वादातील व्यवहार घडला त्या दिवशी कोणता होता, या दोन्ही गोष्टी तपासण्याची शिस्त पहिल्यापासून लावून घ्यावी.

सेबीमध्ये मुख्यतः दोन प्रकारची कार्यवाही चालते. तिचे पूर्णवेळ सदस्य सेबी कायद्याच्या कलम ११ आणि ११-बी खाली निर्देश देतात. एखाद्याला बाजारात व्यवहार करण्यास मनाई करणे किंवा गैरमार्गाने मिळवलेला नफा व्याजासह परत करायला लावणे हे त्यांच्या अधिकारात येते. न्यायनिर्णय अधिकारी कलम १५-आय खाली चौकशी करून दंड ठरवतात. २०१९ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर पूर्णवेळ सदस्यही दंड करू शकतात, त्यामुळे जुन्या निकालांत दिसणारी या दोन मार्गांमधील रेषा आता तितकी ठळक राहिलेली नाही. दोन्हींवरील अपील रोखे अपील न्यायाधिकरणाकडे, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातल्या ‘सॅट’कडे जाते, आणि तेथून कायद्याच्या प्रश्नावर थेट सर्वोच्च न्यायालयात. सेबी किंवा सॅट यांच्या अधिकारातील विषयांवर दिवाणी न्यायालयात दावा चालत नाही. उच्च न्यायालयाचा रिट अधिकार अबाधित आहे, परंतु अपिलाची सोय असताना रिट दाखल केल्यास पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारला जातो.

सॅट मुंबईत आहे, सेबीचे मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे आणि मुंबई उच्च न्यायालय फोर्टमध्ये. देशातील कोणत्याही गावच्या गुंतवणूकदाराचे किंवा दलालाचे अपील याच शहरात येते. दूरदृश्य सुनावणीमुळे बाहेरगावच्या वकिलांची सोय झाली असली, तरी सुरुवातीची काही वर्षे मुंबईत काढणे श्रेयस्कर, असे माझे स्पष्ट मत आहे. युक्तिवाद ऐकून शिकण्याची गोष्ट आहे, आणि न्यायपीठाचा सूर कॅमेऱ्यातून पुरता कळत नाही.

शिक्षण आणि सनद

याबाबत फार लिहिण्यासारखे नाही. बारावीनंतरचा ५ वर्षांचा किंवा पदवीनंतरचा ३ वर्षांचा विधी अभ्यासक्रम, त्यानंतर बार काउन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा येथे नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा, हा ठरलेला मार्ग आहे. मुंबईत फर्ममध्ये काम करू इच्छिणारे काही जण बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षाही देतात. तिच्यासाठी आर्टिकलशिप, म्हणजे सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी, करावी लागते आणि परीक्षा कठीण आहे, परंतु कागद नेटका ठेवण्याचे जे वळण तिच्यामुळे लागते ते पुढे जन्मभर उपयोगी पडते.

वाणिज्य शाखेतून आलेल्याला येथे थोडी आघाडी मिळते, पण कला शाखेतून आलेल्याने खचून जाण्याचे कारण नाही. ताळेबंद वाचता येणे, एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचे निव्वळ मालमत्ता मूल्य, कशी काढतात हे ठाऊक असणे, आणि एक्सेलमध्ये हजारो ओळींची नोंद गाळून, जुळवून, बेरजा करून पाहता येणे, एवढे सहा महिन्यांत शिकता येते. रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथील राष्ट्रीय रोखे बाजार संस्था, म्हणजे एनआयएसएम, बाजारातील निरनिराळ्या कामांसाठी प्रमाणपत्र परीक्षा घेते. त्यांपैकी एक-दोन दिल्यास दलालाच्या कचेरीत सौदा कसा होतो आणि त्याची पूर्तता कशी होते, हे नीट उमगते. पदव्युत्तर पदवीची घाई मात्र करू नये. दोन वर्षे नोटिशी वाचल्यानंतर तोच अभ्यासक्रम कितीतरी अधिक देऊन जातो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कलम १५-व्ही प्रमाणे सॅटसमोर सनदी लेखापाल, कंपनी सचिव आणि परिव्यय लेखापाल हेही पक्षकाराची बाजू मांडू शकतात. त्यांच्याशी स्पर्धा करण्यापेक्षा त्यांच्या शेजारी बसून शिकणे शहाणपणाचे आहे.

पहिली नोकरी

प्रवेशाची दारे तीन-चार आहेत. ज्येष्ठ वकिलाच्या चेंबरमध्ये राहिल्यास युक्तिवाद जवळून पाहायला मिळतो, पण पक्षकाराशी गाठ कमी पडते आणि सुरुवातीचे मानधन तुटपुंजे असते. फर्ममध्ये पगार नियमित मिळतो, मसुदे भरपूर लिहावे लागतात, आणि काउन्सिलला, म्हणजे युक्तिवाद करणाऱ्या वकिलाला, ब्रीफ करण्यासाठी प्रकरण स्वतःला आधी पूर्ण समजलेले असावे लागते. सेबी स्वतः विधी शाखेतील अधिकाऱ्यांची ‘ग्रेड ए’ पदावर स्पर्धा परीक्षेने भरती करते. तेथे काही वर्षे काढलेल्या माणसाला तपास कसा बांधला जातो हे आतून कळते. म्युच्युअल फंड, दलाली पेढी किंवा शेअर बाजार यांच्या अनुपालन विभागातूनही पुढे वकिलीत आलेले लोक आहेत.

यांपैकी कोणतेही दार निवडले तरी मुलाखतीत एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘मला नोटिशीची परिशिष्टे पाहायला मिळतील का, की केवळ निकाल शोधून देण्याचे काम असेल?’ दुसरे उत्तर आल्यास पगार कितीही असो, पुन्हा विचार करावा.

पहिली फाइल : नोटीस कशी वाचावी

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका लहान कंपनीच्या शेअरचा भाव संगनमताने चढवल्याच्या आरोपाची नोटीस ४० जणांना गेली आहे, आणि आपला पक्षकार त्यातील २७ वा आहे. नोटीस ६० पानांची, परिशिष्टे सीडीवर किंवा ईमेलने आलेली. नवखा वकील नोटीस पहिल्या पानापासून वाचू लागतो आणि विसाव्या पानापर्यंत त्याचे मत आरोपाच्या बाजूने झुकलेले असते, कारण ती कथा सेबीने रचलेली असते आणि बहुधा चांगली रचलेली असते. त्याऐवजी आधी २७ व्या नावापुढे जे जे लिहिले आहे तेवढेच बाजूला काढावे: किती सौदे, कोणत्या दिवशी, कोणाशी, आणि इतरांशी संबंध जोडण्यासाठी दिलेला आधार कोणता.

मग सौद्यांची नोंद उघडावी. समजा, आधीचा सौदा ३८ रुपयांना झाला होता आणि पक्षकाराचा सौदा ३८.४० ला झाला. नोटिशीने ४० पैशांची भाववाढ त्याच्या नावावर लावली आहे. सौद्यांच्या नोंदीत एवढेच दिसते. परंतु ऑर्डरांची नोंद स्वतंत्र असते, आणि तीत दिसते की ३८.४० ला विक्रीची ऑर्डर १० वाजून ४१ मिनिटांनीच लागलेली होती, त्याहून स्वस्त विकणारा कोणी नव्हता, आणि पक्षकाराने मिनिटभराने ३८.५० पर्यंतची खरेदीची ऑर्डर टाकली. म्हणजे त्याने उपलब्ध असलेली सर्वांत स्वस्त विक्री उचलली. हे एका सौद्याचे झाले. असे ६० सौदे असतील तर साठही तपासावे लागतात, आणि त्यांतील ज्या ५ सौद्यांचे समाधानकारक स्पष्टीकरण नाही ते पक्षकाराला आधीच दाखवावे लागतात. त्यानंतर पाहावे की नोटिशीने केवळ भाव वाढवणारे सौदे मोजले आहेत का. त्याच पक्षकाराच्या सौद्यांनी काही वेळा भाव उतरलाही असेल, तर निव्वळ परिणाम वेगळा निघतो. शेवटी विक्रेते कोण होते ते पाहावे. ते आरोपी गटातले नसतील, तर संगनमताच्या कथेत मोठे छिद्र पडते.

संबंधाचा आधार हा असाच तपासण्याचा भाग आहे. सामाईक पत्ता, एकच दूरध्वनी क्रमांक, बँकेतून झालेली देवाणघेवाण, बाजाराबाहेर झालेले शेअर हस्तांतरण, एकाच व्यक्तीने केलेली खात्याची ओळख, यांपैकी काय आहे आणि ते कोणत्या तारखेचे आहे? सौद्यांनंतर दोन वर्षांनी झालेली बँकेची नोंद संबंधाचा पुरावा म्हणून जोडलेली आढळू शकते. तारखा लावल्याशिवाय ती खुपत नाही. म्हणून प्रत्येक फाइलसाठी तारीखवार तक्ता करावा आणि त्यात परिशिष्टाचे पान लिहावे. सुनावणीत अधिकारी विचारतात, ‘हे कोठे आहे?’, तेव्हा पान शोधत बसणाऱ्या वकिलाचा अर्धा युक्तिवाद वाया जातो.

हे सर्व का करायचे, हे सेबी विरुद्ध किशोर अजमेरा या २०१६ च्या निकालावरून स्पष्ट होते. संगनमताचा थेट पुरावा क्वचितच मिळतो, त्यामुळे सौद्यांचे प्रमाण, सातत्य, खरेदी-विक्रीच्या ऑर्डरांमधील वेळेचे अंतर अशा आजूबाजूच्या परिस्थितीवरून निष्कर्ष काढता येतो आणि फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. बचाव करणाऱ्याला हा निकाल वरवर प्रतिकूल वाटतो. पण निष्कर्ष परिस्थितीवरून काढायचा असेल, तर परिस्थितीचा एकेक धागा तपासण्याचा हक्कही त्याच निकालातून मिळतो, आणि तो परिशिष्टांशिवाय बजावता येत नाही.

परिशिष्टे अपुरी असतील तर कागदपत्रांच्या पाहणीसाठी अर्ज करावा. टी. ताकानो विरुद्ध सेबी या फेब्रुवारी २०२२ च्या निकालाने तपास अहवालातील संबंधित भाग नोटीस मिळालेल्या व्यक्तीला दाखवण्याचे बंधन सेबीवर घातले. त्रयस्थांची खासगी माहिती किंवा बाजाराच्या स्थैर्याला बाधा आणणारा मजकूर तेवढा वगळता येतो. अर्जात ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असे मोघम लिहू नये. कोणत्या परिच्छेदातील कोणत्या विधानासाठी कोणता कागद हवा, हे नेमके लिहिलेला अर्ज नाकारला गेला, तर सॅटसमोर तोच अपिलाचा भक्कम मुद्दा होतो.

उत्तर, सुनावणी आणि तडजोड

उत्तराचा मसुदा इंग्रजीत जातो, पण माहिती देणारा पक्षकार अनेकदा मराठी किंवा गुजराती बोलणारा, पिढीजात व्यापारी किंवा दलालाच्या सांगण्यावरून खाते उघडलेला सामान्य नोकरदार असतो. त्याच्याशी त्याच्याच भाषेत, घाई न करता बोलावे. ‘खाते माझे, पण सौदे भाऊंनी केले’ हे वाक्य पहिल्या भेटीत येत नाही. तिसऱ्या भेटीत येते. ते उत्तर दाखल झाल्यानंतर आले तर उत्तराला काही किंमत राहत नाही. कलम ११-सी खालच्या समन्सनंतर तपास अधिकाऱ्यासमोर त्याने काय जबाब दिला होता, त्याची प्रतही पहिल्याच आठवड्यात मागावी, कारण त्या जबाबाशी विसंगत उत्तर म्हणजे स्वतःच्या हाताने दिलेला पुरावा.

‘माझा हेतू वाईट नव्हता’ हा बचाव नवख्यांना फार आवडतो. त्याची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये श्रीराम म्युच्युअल फंड प्रकरणात घालून दिली. संलग्न दलालामार्फत करायच्या व्यवहारांची मर्यादा त्या फंडाने ओलांडली होती. दिवाणी स्वरूपाच्या दंडासाठी दोषी मनोवृत्ती सिद्ध करावी लागत नाही, नियमाचा भंग झाला की दंड लागतो, असे न्यायालयाने ठरवले. हेतूचा मुद्दा त्यामुळे पूर्णपणे निरुपयोगी होत नाही. फसवणुकीच्या आरोपात त्याचे वजन असते, आणि दंडाची रक्कम ठरवतानाही. कलम १५-जे मधील निकष, म्हणजे झालेला लाभ, गुंतवणूकदारांचे नुकसान आणि भंगाची पुनरावृत्ती, हे केवळ उदाहरणादाखल आहेत, असे भावेश पाबारी प्रकरणात २०१९ मध्ये स्पष्ट झाल्याने इतर सौम्यकारक परिस्थितीही मांडता येते. कलम १५-एचए खाली दंड किमान ५ लाख आणि कमाल २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यांतील जी रक्कम अधिक असेल तेवढा होऊ शकतो. एवढ्या रुंद पट्ट्यात पक्षकार कोठे उतरतो, हे ठरवण्यात या मुद्द्यांचा हात असतो. म्हणून उत्तराचा अखेरचा भाग, जो बहुतेक जण रात्री बारा वाजता उरकतात, तो आधी लिहावा.

तडजोडीचा मार्ग २०१८ च्या विनियमांखाली उपलब्ध आहे. आरोप मान्य किंवा अमान्य न करता ठराविक सूत्राने निघणारी रक्कम भरून प्रकरण मिटवता येते. अर्जाची मुदत नोटीस मिळाल्यापासून मोजली जाते आणि ती कमी आहे, त्यामुळे लढायचे की मिटवायचे हा प्रश्न पक्षकारापुढे पहिल्याच बैठकीत ठेवावा. ‘वकील लढायचे सोडून पैसे भरायला सांगतो’ असे पक्षकाराला वाटण्याची भीती अनेकांना असते, पण मुदत टळल्यावर तोच पक्षकार विचारतो की हे मला आधी का सांगितले नाही.

सॅटमध्ये

कलम १५-टी प्रमाणे आदेशाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवसांत अपील करावे लागते. प्रत १० जूनला मिळाली तर २५ जुलै हा शेवटचा दिवस. आदेश सेबीच्या संकेतस्थळावर कधी झळकला, यापेक्षा प्रत पक्षकाराच्या हाती कधी पडली हे महत्त्वाचे, म्हणून पाकीट आणि ईमेल जपून ठेवायला सांगावे. विलंब माफ होऊ शकतो. मात्र त्यावर विसंबून काम लांबवणे हा या व्यवसायातील जुना रोग आहे. सर्वोच्च न्यायालयासाठी कलम १५-झेड खाली ६० दिवस आहेत, आणि पुरेशा कारणाने आणखी जास्तीत जास्त ६०.

अपिलासोबत स्थगितीचा अर्ज द्यावा लागतो, कारण नुसते अपील दाखल केल्याने आदेश थांबत नाही. आदेश न पाळल्यास वसुली अधिकारी कलम २८-ए खाली बँक आणि डिमॅट खाती गोठवू शकतो. अपिलासाठी दंडाचा काही हिस्सा आधी भरण्याची सक्ती कायद्यात नाही, परंतु स्थगिती देताना सॅट काही रक्कम जमा करायला सांगते. ही रक्कम किती असावी यावर पाच मिनिटांचा युक्तिवाद होतो आणि पक्षकाराचे पुढचे वर्ष त्यावर अवलंबून असते. त्याची आर्थिक स्थिती दाखवणारे कागद त्या दिवशी हातात असले पाहिजेत.

फंडांचे वाद

गुंतवणूक फंडांच्या प्रकरणांत ऑर्डरांच्या नोंदीची जागा इतिवृत्ते, योजनेचे माहितीपत्रक आणि युनिटधारकांना पाठवलेल्या सूचना घेतात. म्युच्युअल फंड हा विश्वस्त, मालमत्ता व्यवस्थापन कंपनी आणि युनिटधारक अशा त्रिकोणावर उभा असतो. कोणी कोणाला काय विचारायला हवे होते, हाच बहुधा वाद असतो.

याचा उत्तम नमुना फ्रँकलिन टेम्पलटनच्या ६ कर्जरोखे योजनांचा आहे, आणि नवोदिताने तो मुळापासून वाचावा. २३ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, विश्वस्तांनी त्या योजना गुंडाळण्याचा निर्णय घेतला आणि २५,००० कोटी रुपयांहून अधिक रक्कम अडकली. म्युच्युअल फंडांच्या १९९६ च्या विनियमांत दोन तरतुदी होत्या. विनियम ३९ नुसार विश्वस्तांच्या मते परिस्थिती तशी असेल तर ते योजना गुंडाळू शकत; विनियम १८(१५)(सी) नुसार बहुसंख्य विश्वस्तांनी तसे ठरवल्यास युनिटधारकांची संमती घ्यायची. पहिल्या तरतुदीत संमतीचा उल्लेख नाही, दुसरीत आहे. मग संमती लागते का, लागत असल्यास कधी, आणि तोवर पैसे काढणे बंद ठेवता येते का? गुजरात, दिल्ली आणि मद्रास उच्च न्यायालयांत याचिका झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने त्या कर्नाटक उच्च न्यायालयाकडे सोपवल्या, आणि त्या न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०२० रोजी संमती आवश्यक असल्याचा निकाल दिला. डिसेंबरमध्ये मतदान झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मतदानाचा कौल ग्राह्य धरून एसबीआय फंड्स मॅनेजमेंटकडे रक्कम वाटपाचे काम दिले, आणि १४ जुलै २०२१ च्या निकालात दोन्ही तरतुदींची सांगड घातली: विश्वस्तांनी कारणे देऊन सूचना प्रसिद्ध केली की व्यवहार थांबतात, आणि त्यानंतर मतदान करणाऱ्या युनिटधारकांच्या साध्या बहुमताची संमती घ्यावी लागते.

यात तरुण वकिलाने काय पाहावे? एकाच घटनेवर दोन स्वतंत्र लढाया चालल्या. युनिटधारकांचे रिट अर्ज योजना गुंडाळण्याच्या वैधतेवर होते. त्याच वेळी सेबीची कार्यवाही योजना कशा चालवल्या गेल्या यावर होती. जून २०२१ च्या आदेशात सेबीने ५ कोटींचा दंड, व्यवस्थापन शुल्काची व्याज धरून ५०० कोटींहून अधिक परतफेड आणि दोन वर्षे नवी कर्जरोखे योजना आणण्यास मनाई असे निर्देश दिले, आणि सॅटने २५० कोटी जमा करण्याच्या अटीवर स्थगिती दिली. पहिल्या लढाईत केलेले विधान दुसरीत अंगाशी येऊ शकते. मोठ्या प्रकरणात कनिष्ठ वकिलाचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे कोणत्या न्यायपीठासमोर कोणत्या तारखेच्या प्रतिज्ञापत्रात काय म्हटले आहे याची एकच नोंदवही ठेवणे. ज्येष्ठांना ते लक्षात ठेवायला वेळ नसतो.

फंड व्यवस्थापकांच्या सौद्यांची माहिती आधी मिळवून त्यांच्याआधी स्वतःचा सौदा उरकणे, ज्याला बाजारात फ्रंट रनिंग म्हणतात, हा दुसरा मोठा वर्ग. असे करणारा नोंदणीकृत मध्यस्थ नसला तरी ती फसवणूकच ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने कनैयालाल पटेल प्रकरणात २०१७ मध्ये सांगितले.

पर्यायी गुंतवणूक फंडांचे वाद निराळ्या जातीचे आहेत. २०१२ च्या विनियमांखाली नोंदलेल्या या फंडांत गुंतवणूकदार मोजके, रकमा मोठ्या आणि सर्व काही अंशदान करारात लिहिलेले. त्यात लवादाचे कलम असतेच, म्हणून प्रकरण लवादाकडे जाते आणि अंतरिम संरक्षणासाठी लवाद कायद्याच्या कलम ९ खाली उच्च न्यायालयात. सेबीकडची तक्रार आणि लवाद हे दोन्ही मार्ग एकमेकांना पर्याय नाहीत: सेबी दंड करते, निर्देश देते, पण करारभंगाची नुकसानभरपाई मिळवायची असेल तर लवादच लागतो. किरकोळ गुंतवणूकदाराच्या तक्रारींसाठी २०२३ पासून स्मार्ट ओडीआर ही ऑनलाइन सलोखा आणि लवादाची व्यवस्था आहे. रकमा लहान असतात, पण साक्षीपुरावा स्वतः हाताळण्याची संधी नव्या वकिलाला इतक्या लवकर अन्यत्र क्वचितच मिळते.

मुंबईबाहेर राहून

पुणे, नाशिक, कोल्हापूर किंवा नागपूर येथे वकिली करणाऱ्याला हे क्षेत्र बंद आहे, असे नाही. दामदुपटीच्या आणि सामूहिक गुंतवणुकीच्या योजना बुडतात तेव्हा ठेवीदार आधी जिल्ह्याच्या ठिकाणी येतात, आणि तेथे महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम १९९९, म्हणजे एमपीआयडी कायदा, लागू होतो. या कायद्याखाली मालमत्ता जप्त होते, सक्षम प्राधिकारी नेमला जातो आणि विशेष न्यायालय वाटपाचा निर्णय करते. एनएसईएल, म्हणजे नॅशनल स्पॉट एक्स्चेंज या वस्तू बाजाराच्या प्रकरणात, ज्यात २०१३ साली सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले, तो स्पॉट एक्स्चेंज या कायद्याच्या अर्थाने ‘वित्तीय आस्थापना’ ठरतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. त्यामुळे कायद्याची व्याप्ती नुसत्या भिशी आणि पतपेढ्यांपुरती मानता येत नाही. ठेवीदारांची बाजू घेणाऱ्या वकिलाने मूळ पावत्या, बँकेतून रक्कम गेल्याचा उतारा आणि योजनेचे पत्रक यांचा संच प्रत्येक ठेवीदारामागे वेगळा लावावा, कारण सक्षम प्राधिकाऱ्याकडे दावा छाननीला जातो तेव्हा कागद कमी असलेली नावे मागे पडतात.

स्वतःचे डिमॅट खाते

हा विषय महाविद्यालयात कोणी शिकवत नाही. पक्षकार कंपनीची अप्रकाशित, भावावर परिणाम करणारी माहिती वकिलाच्या हाती आली की इनसायडर ट्रेडिंगविषयीच्या २०१५ च्या विनियमांच्या दृष्टीने तो स्वतः ‘इनसायडर’ होतो. अशी माहिती कोणाला दिली, याची नोंद कंपनीला संगणकीय नोंदवहीत पॅन क्रमांकासह ठेवावी लागते, आणि त्या नोंदवहीत वकिलाचे नावही असते. कायदा संस्थांनी स्वतःची आचारसंहिता करावी, अशीही तरतूद आहे. म्हणून रुजू होताच चेंबरची किंवा फर्मची आचारसंहिता मागून घ्यावी, प्रतिबंधित शेअरांची यादी कोण ठेवतो ते विचारावे, आणि घरातील कोणी आपल्या नावाच्या खात्यातून सौदे करत असेल, तर ते त्याच दिवशी थांबवावे. वडिलांनी किंवा जोडीदाराने स्वतःच्या खात्यातून केलेल्या सौद्यांचीही विचारणा होऊ शकते, कारण जवळचे नातेवाईक विनियमांच्या व्याख्येत येतात. तेव्हा फाइलमधील कंपनीचे नाव जेवणाच्या टेबलावर काढू नये.